स्कोर किती, सॅच्युरेशन किती?

"स्कोर किती झाला?" हा प्रश्न आपल्याकडे वर्षानुवर्षं क्रिकेटचाच होता. २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, तो फोनवर दबक्या आवाजात विचारला जाऊ लागला आणि उत्तर २५ पैकी येऊ लागलं. छातीच्या एचआरसीटी स्कॅनमध्ये फुफ्फुसांचा किती भाग बाधित दिसतो, त्याचा तो आकडा. सहा-सात ऐकलं की घरच्यांचा जीव भांड्यात पडायचा, अठरा ऐकलं की हातपाय गार पडायचे. त्याच महिन्यात आयपीएलही चालू होती, तरी स्कोर म्हटल्यावर कित्येकांच्या मनात आधी यायचा तो दवाखानाच.

'ऑक्सिजन' हा तोवर सातवीच्या विज्ञानातला शब्द. ऑक्सिजन भरून आणायला रिकामे टँकर घेऊन कळंबोलीहून विशाखापट्टणमला रेल्वे निघाली, तेव्हा तिच्या बातमीकडे लोक डोळे लावून बसले होते. 'बेड', 'सॅच्युरेशन' (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण), 'पॉझिटिव्ह' यांचंही तेच झालं. शब्दकोशातला अर्थ जागच्या जागी होता, पण शब्द कानावर पडताच पोटात गोळा येऊ लागला. हे नेमकं कसं घडतं?

शब्दांचं असं भावनिक वजन मोजता येतं. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स ऑसगुड आणि सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये त्याची एक पद्धत मांडली. पुढे १९९९ मध्ये मार्गारेट ब्रॅडली आणि पीटर लँग यांनी इंग्रजीतल्या हजारभर शब्दांची यादी तयार केली. लोकांना एकेक शब्द दाखवायचा आणि तो किती सुखद वाटतो, किती खळबळ उडवतो, त्यापुढे आपण किती ताबा राखून आहोत असं वाटतं, हे चित्रांच्या मदतीनं १ ते ९ या पट्टीवर नोंदवायला सांगायचं. अशा याद्या मानसशास्त्राच्या असंख्य प्रयोगांत वापरल्या जातात. माझ्या मते त्यांची एक अडचण आहे: नोंद एकदाच होते आणि ती कायमची खरी धरली जाते. साथीच्या आधी केलेल्या नोंदीत 'मास्क' हा शब्द निरुपद्रवी ठरला असता. साथ ऐन भरात असताना तोच शब्द कुठे गेला असता, हे सांगायला प्रयोगशाळा लागू नये.

वजन चिकटतं ते सहवासानं. आर्थर आणि कॅरोलिन स्टाट्स या दांपत्याचा १९५८ चा प्रयोग याबाबत फार बोलका आहे. अमेरिकी विद्यार्थ्यांना पडद्यावर 'डच', 'स्वीडिश' अशी राष्ट्रांची नावं दाखवली आणि प्रत्येक नावापाठोपाठ एक शब्द ऐकवला. एका गटाला 'डच'नंतर चांगले आणि 'स्वीडिश'नंतर वाईट शब्द, दुसऱ्या गटाला उलट. आपण शब्द पाठ करतोय अशी विद्यार्थ्यांची समजूत. शेवटी त्या राष्ट्रनामांविषयीचं त्यांचं मत ऐकलेल्या शब्दांच्या बाजूनं झुकलेलं निघालं. एका बैठकीत एवढं होत असेल, तर रोज संध्याकाळी मृतांचे आकडे, रात्री ॲम्ब्युलन्सचा भोंगा आणि मधल्या वेळात व्हॉट्सॲपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' यांच्या सोबतीनं आलेल्या शब्दांचं काय झालं असेल?

असा भारलेला शब्द लक्षही ओढून घेतो. वेगवेगळ्या रंगांत शब्द लिहायचे आणि अर्थाकडे दुर्लक्ष करून फक्त रंग सांगायला लावायचं, अशी एक चाचणी आहे. कोळ्याची प्रचंड भीती असलेली माणसं कोळ्याशी संबंधित शब्दांचा रंग सांगताना अडखळतात, असं १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात दिसलं. भीतीवर उपचार केल्यावर हे अडखळणं कमी झालं. शब्द तेच होते, माणसाचं त्यांच्याशी असलेलं नातं बदललं होतं.

इथे एक गोष्ट मला विशेष वाटते. परक्या भाषेतले शब्द मायबोलीइतके झोंबत नाहीत, असं सर्वसाधारण निरीक्षण आहे. मोठेपणी इंग्रजी शिकलेल्या तुर्की भाषकांवरच्या २००३ च्या प्रयोगात, लहानपणी ऐकलेली दटावणी तुर्कीत ऐकताना त्वचेची विद्युतवाहकता इंग्रजीपेक्षा जास्त वाढली. म्हणजे अंग नकळत जास्त शहारलं. मग 'लॉकडाऊन', 'क्वारंटाईन', 'व्हेंटिलेटर' हे उसने शब्द आपल्याला इतके का लागले? कारण आपण ते पुस्तकातून शिकलोच नाही. गल्लीच्या तोंडाशी बांधलेल्या बांबूंवरून आणि वॉर्डाच्या दाराबाहेर थांबून शिकलो. भाषा कुठली, यापेक्षा शब्द कुठे भेटला हे इथे भारी पडलं असावं.

भीती सतत एकाच पट्टीत राहत नाही, हेही खरं. फोन लावला की ऐकू येणाऱ्या रेकॉर्डवरच्या खोकल्यानं सुरुवातीला लोक दचकले, मग वैतागले, मग त्यावर विनोद आले. एकच इशारा पुन्हा पुन्हा ऐकला की मेंदू त्याला प्रतिसाद देणं कमी करतो. आरोग्य खात्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्येच नव्या रोगांच्या नावांत गाव, माणूस, प्राणी किंवा धास्ती वाढवणारे शब्द नकोत, असं सुचवलं होतं. नावाची काळजी घेतली, इशाऱ्याच्या मात्रेची मात्र कुणी घेतली नाही.

आणि पिढी बदलली की धारही जाते. 'तुला पटकी येवो' या शिव्येनं कधी काळी ऐकणाऱ्याचा थरकाप उडत असेल. पटकी म्हणजे कॉलरा, हे आज कॉलेजातल्या मुलांना समजावून सांगावं लागतं.

एकाच माणसाच्या मनातून मात्र शिकलेली भीती सहसा पुरती पुसली जात नाही. ती दबते, आणि ओळखीचा संदर्भ मिळाला की डोकं वर काढते. जानेवारी २०२५ मध्ये 'चीन', 'विषाणू' आणि 'मास्क' हे तीन शब्द पुन्हा एका मथळ्यात आले. एचएमपीव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूचे रुग्ण भारतात आढळल्याची बातमी आली त्या ६ तारखेला सेन्सेक्स १,२०० हून अधिक अंकांनी घसरला. घसरणीला इतरही कारणं होती, पण या बातमीचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. तो विषाणू २००१ मध्येच नेदरलँड्समध्ये ओळखला गेला होता, आणि तो भारतात आधीपासूनच फिरत असल्याचं सरकारी यंत्रणा त्याच दिवशी सांगत होत्या.