पाय ठेका का धरतो? घरच्या हायफायमधील लयीच्या वादाची पार्श्वभूमी

एका स्टिरिओवर गाणे लागले की पाय आपोआप ठेका धरतो आणि दुसऱ्यावर, रेकॉर्ड तीच असूनही, तो हलत नाही, असा दावा हायफायच्या शौकिनांत गेली सुमारे पन्नास वर्षे केला जात आहे. ब्रिटिश नियतकालिकांनी या गुणाला ‘पेस, ऱ्हिदम अँड टायमिंग’ असे नाव दिले आणि त्याचे ‘प्रॅट’ हे लघुरूप रूढ झाले. यंत्र जर गाण्याची लय बदलत नसेल, तर ती बदलल्यासारखी का वाटते, हा या वादातला खरा प्रश्न आहे.

यंत्र लय खरोखरच बदलत असे, असाही एक काळ होता. एडिसनचा १८७७ चा फोनोग्राफ हाताने फिरवावा लागे, आणि बर्लिनरच्या सुरुवातीच्या ग्रामोफोनचीही तीच गत होती. १८९६ मध्ये एल्ड्रिज जॉन्सन यांनी त्याला स्प्रिंगची मोटर आणि वेग आवरणारा गव्हर्नर जोडला, तेव्हा कुठे तबकडी बऱ्यापैकी एकसारख्या वेगाने फिरू लागली; तरीही चावी उतरत आली की गाणे रेंगाळे आणि स्वरही खाली येई. शिवाय ७८ फेऱ्यांचा वेग पक्का होण्यापूर्वी वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या वेगाने ध्वनिमुद्रण करीत. त्या काळातल्या हिंदुस्थानी गायकांच्या तबकड्या आज सरसकट ७८ वर वाजवल्या, तर गायकाची पट्टी आणि लय दोन्ही फसवी निघू शकतात.

१९४८ मध्ये कोलंबियाने साडेतेहतीस नव्हे, तर ३३⅓ फेऱ्यांची एलपी आणली. तिची एक फेरी १.८ सेकंदांची, मधले भोक जरा जरी केंद्रापासून सरकलेले असले, तरी दर १.८ सेकंदांनी लांबलेला स्वर हेलकावतो. अशा संथ हेलकाव्याला ‘वॉव’ आणि जलद थरथरीला ‘फ्लटर’ म्हणतात. मोजमापासाठी ३१५० हर्ट्झचा स्वर वापरला जातो, आणि सेकंदाला चार वेळा होणारा बदल कानाला सर्वाधिक जाणवतो म्हणून त्या बदलाला सर्वाधिक वजन दिले जाते. १९७० च्या दशकात मोटरनेच तबकडी थेट फिरवणाऱ्या जपानी ‘डायरेक्ट ड्राइव्ह’ टर्नटेबलांनी हे आकडे इतके खाली आणले की प्रश्न निकालात निघाल्यासारखा वाटला.

नेमक्या त्याच वेळी ग्लासगोमध्ये आयव्हर टिफेनब्रन यांच्या ‘लिन’ कंपनीने पट्ट्यावर चालणारे ‘सॉन्डेक एलपी १२’ हे टर्नटेबल बाजारात आणले, आणि इंग्लंडमधल्या सॉल्झबरीत ज्युलियन व्हेरिकर यांच्या ‘नेम’ कंपनीने ॲम्प्लिफायर बनवायला घेतले. तोवर सर्वाधिक पैसा स्पीकरवर घालावा, अशी समजूत होती. लिनचे म्हणणे उलटे होते: रेकॉर्डमधून जे उचललेच गेले नाही, ते पुढे कोणताही स्पीकर परत आणू शकत नाही. दुकानात ग्राहकाने ‘तिखट आवाज’, ‘गोड आवाज’ असल्या विशेषणांत न अडकता फक्त चाल मनातल्या मनात धरून पाहावी, जिथे ती सहज धरता येईल ते यंत्र चांगले, अशी त्यांची पद्धत होती. विरोधकांनी या पंथाला ‘फ्लॅट अर्थ’, म्हणजे पृथ्वी सपाट मानणाऱ्यांचा पंथ, म्हणून हिणवले. ही पद्धत श्रोत्याला संगीताकडे वळवणारी होती, हे मान्य करायला हवे. मात्र दोन यंत्रांचा आवाज मोजून समान पातळीवर आणला नाही, तर किंचित मोठे वाजणारे यंत्र अधिक चैतन्यपूर्ण वाटते, ही पळवाट तिच्यात कायम राहिली. १९९२ मध्ये मार्टिन कोलम्स यांनी ‘स्टिरिओफाइल’ मासिकात या विषयावर दीर्घ लेख लिहिला आणि दुकानातली ही भाषा समीक्षेत स्थिरावली.

माणसाला ध्वनी कसा जाणवतो हे तपासणाऱ्या मानसध्वनिशास्त्राचे आकडे मात्र या दाव्याच्या शब्दशः अर्थाला साथ देत नाहीत. स्वीडनमधील फ्रिबर्ग आणि सुंडबर्ग यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनुसार, पाव सेकंद ते एक सेकंद अंतराच्या ठोक्यांमध्ये सुमारे अडीच टक्के फरक पडल्याशिवाय तो ओळखू येत नाही. अर्ध्या सेकंदाच्या अंतरावर हा फरक साधारण साडेबारा मिलिसेकंद होतो, ०.१ टक्का चढउतार असलेले टर्नटेबल तिथे अर्धा मिलिसेकंदच इकडेतिकडे करते. म्हणजे वेगातला दोष कानाला जाणवलाच, तर तो स्वर हलल्याने जाणवतो. ठोका चुकल्याने नव्हे. १९८२ मध्ये आलेल्या सीडीचा वेग तर क्वार्ट्झ स्फटिकाच्या घड्याळावर बांधलेला, तरी तिच्यावरही ‘लय नाही’ असा ठपका आला. मग कारण म्हणून जिटरकडे, म्हणजे डिजिटल घड्याळाच्या ठोक्यांतल्या सूक्ष्म पुढेमागे होण्याकडे, बोट दाखवले गेले. पण तो नॅनोसेकंदांत किंवा त्याहूनही खाली मोजतात, त्यामुळे त्याने ठेका बिघडतो असे म्हणणे पटत नाही.

माझ्या मते शोध घ्यायचा तो ठोका केव्हा सुरू होतो याचा नव्हे, तर तो केव्हा थांबतो याचा. डग्ग्यावरचा ‘घे’ वाजला आणि त्याचा घुमारा स्पीकरच्या पेटीत रेंगाळत राहिला, तर पुढच्या मात्रेवरचा हलका बोल त्याखाली झाकला जातो. लय तीच असते, पण तिची कड बोथट होते. बंद पेटीच्या स्पीकरमध्ये खर्ज, म्हणजे सर्वांत खालचे जड स्वर, सहसा लवकर विरतो. भोक ठेवलेल्या पेटीत तो अधिक खोल जातो, पण बहुधा अधिक काळ टिकतो. यामाहाचा १९७८ चा एनएस-१० हा घरगुती वापरासाठी काढलेला बंद पेटीचा स्पीकर घरांत फारसा रुजला नाही, पण स्टुडिओंत सर्वत्र पोचला. २००१ मध्ये न्यूवेल आणि हॉलंड यांनी अनेक स्पीकरांशी त्याची तुलना केली, तेव्हा त्याचा खर्ज झटकन विरतो, हे त्याच्या यशाचे एक कारण म्हणून पुढे आले.

ॲम्प्लिफायर आणि टर्नटेबल यांच्याहून कितीतरी अधिक खर्ज खोलीच लांबवते. समोरासमोरच्या भिंतींत तीन मीटर अंतर असेल, तर सुमारे ५७ हर्ट्झला खोली स्वतःच घुमू लागते. लाकडी जमीन आणि पातळ आतल्या भिंती असलेल्या ब्रिटिश घरांत यातला काही खर्ज शोषला किंवा बाहेर सोडला जातो; आपल्याकडच्या फ्लॅटमधल्या विटांच्या भिंती, काँक्रीटचा स्लॅब आणि फरशी तो बराचसा परत फेकतात. त्यामुळे भिंतीला टेकवून ठेवण्यासाठीच आखलेले त्या काळचे काही लिन स्पीकर जिथे चपळ वाजत, तसेच ते इथेही वाजतील असे धरून चालता येत नाही.