कोणता कुत्रा आपल्या घरात रमेल?

आमच्या ओळखीच्या एका घरात वाढदिवसाला आठ-दहा मुलं हॉलमध्ये पळापळी करत होती. घरातला दोन वर्षांचा बॉर्डर कोली आधी कोपऱ्यात उभा राहून नुसता बघत होता. मग त्याने मान खाली घातली, अंग चोरलं आणि एकेक पाऊल जपून टाकत तो मुलांभोवती फिरायला लागला. घोळक्यातून कुणी बाहेर पळालं की हा वळसा घालून त्याच्या पुढ्यात हजर. पाच मिनिटांत सगळी मुलं सोफ्याच्या कोपऱ्यात गोळा झाली होती आणि सगळ्यांत धाकटीच्या टाचेवर दातांचा हलका ओरखडा उठला होता. घरच्यांना वाटलं, कुत्रा बिघडला. खरं तर त्या दिवशी त्याला पहिल्यांदाच त्याचं काम सापडलं होतं. बॉर्डर कोली ही मेंढ्या वळणारी जात. मेंढ्या नव्हत्या, म्हणून त्याने मुलं वळली.

कुत्रा आला लांडग्यापासून, आणि लांडग्याच्या शिकारीला एक ठरलेला क्रम असतो. सावज हेरणं, नजर रोखणं, दबा धरून सरकणं, पाठलाग, पकड, जीव घेणारा चावा आणि शेवटी फाडून खाणं. माणसाने निवडक पैदास करत या साखळीतल्या काही कड्या वाढवल्या, काही बोथट केल्या. कोलीमध्ये नजर, दबा आणि पाठलाग टिकले, चावा मागे पडला. रिट्रीव्हरमध्ये पकड राहिली, पण इतकी अलगद की तोंडात धरून आणलेला पक्षी चिरडला जाऊ नये. टेरियर उंदीर-घुशींसाठी पाळले गेले, त्यामुळे जमीन उकरणं आणि पकडलेली वस्तू मान झटकून हलवणं त्यांच्या अंगातच असतं. कळपाची राखण करणाऱ्या थोराड कुत्र्यांमध्ये ही साखळी जवळजवळ निद्रिस्त असते. ते मेंढ्यांतच पडून राहतात आणि परक्याची चाहूल लागली की भुंकतात, बहुतेक वेळा रात्री.

म्हणून कुत्रा निवडताना रंगरूपाच्या आधी हे विचारावं, की याच्या पूर्वजांकडून माणसाने कोणतं काम करून घेतलं आणि ते काम आपल्या घरात कोणत्या रूपाने डोकं वर काढेल? बीगल वासाचा माग काढणारा. त्याचं नाक जमिनीला टेकलं की तुमची हाक त्याच्यापर्यंत पोचतच नाही. जॅक रसेल टेरियर दिसायला एवढासा, मांडीवर मावणारा, पण दिवसभर बिळं उकरायची ताकद असलेला. उलट ग्रेहाउंड ताशी ६० किलोमीटरहून जास्त वेगाने धावतो, म्हणून लोक त्याला वचकतात. प्रत्यक्षात तो थोडा वेळ जीव तोडून धावतो आणि उरलेला दिवस गादीवर लोळून काढतो. छोट्या घरात तो जॅक रसेलपेक्षा सुखाने राहू शकतो, फक्त घरात मांजर असेल तर आधी नीट विचार करावा लागतो. घर केवढं आहे यापेक्षा घराचं दार दिवसातून किती वेळा त्याच्यासाठी उघडतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

पण जातीवर विसंबायचं तरी किती? २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एलिनॉर कार्लसन आणि सहकाऱ्यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून वागणुकीबद्दलच्या प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचे जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय आराखडे, वाचले. त्यांत शुद्ध जातीचे होते तसे संकरितही होते. एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं का, यातला जेमतेम ९ टक्के भाग जातीवरून सांगता आला. सांगितलेलं ऐकण्याची वृत्ती किंवा वस्तू उचलून आणणं अशा, जुन्या कामांशी जोडलेल्या गुणांवर जातीची छाप त्यातल्या त्यात जास्त दिसली. मात्र कुत्रा किती लवकर बिथरतो किंवा चिडतो, याबद्दल जात जवळजवळ काहीच सांगत नव्हती. ‘ही जात मुलांशी प्रेमळ’, ‘ती जात रागीट’ अशा ज्या याद्या सगळीकडे फिरतात, त्यांना इतका तोकडा आधार आहे. तो कोली कोली म्हणून मुलांना वळत होता, हे बरोबर. पण मुलांच्या आरडाओरड्याने तो भेदरला नाही, हे त्याच्या जातीमुळे नव्हतं. तो त्याचा स्वतःचा स्वभाव होता.

शरीराच्या बाबतीत मात्र जात खात्रीने बोलते, आणि तिथे तिचं ऐकावं. आकाराचंच बघा. सस्तन प्राण्यांमध्ये एरवी मोठ्या आकाराचे प्राणी जास्त जगतात, कुत्र्यांमध्ये मात्र उलटं घडतं. जर्मनीतल्या कॉर्नेलिया क्राउस यांच्या गटाने २०१३ मध्ये ७४ जातींच्या पन्नास हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मृत्यूच्या नोंदी तपासल्या, तेव्हा साधारण दर २ किलो वजनामागे आयुष्य सुमारे एका महिन्याने कमी होताना दिसलं. थोराड कुत्री म्हातारपणाकडे झपाट्याने जातात. ग्रेट डेन सात-आठ वर्षांत थकतो, छोटा चिवावा पंधरा वर्षं सोबत करू शकतो. शाळेत नुकत्याच जाऊ लागलेल्या मुलासाठी ग्रेट डेन आणताना ते मूल दहावीला जायच्या आत त्याला निरोप द्यावा लागेल, याची तयारी हवी. आणि सत्तरीतल्या कुणी चिवावाचं पिल्लू आणलं, तर पुढे त्याला कोण सांभाळणार, हे आजच ठरवून ठेवावं.

चपट्या नाकाच्या कुत्र्यांबद्दल मला जरा थांबून बोलायचं आहे. पग, फ्रेंच बुलडॉग, इंग्लिश बुलडॉग यांचे गोल चेहरे आणि टपोरे डोळे बघून आपल्याला तान्ह्या बाळाची आठवण होते आणि आपण विरघळतो. तो चेहरा असा तयार झाला आहे की कवटीचं हाड आखूड झालं, पण आतलं मांस तितकं कमी झालं नाही. मऊ टाळू लांब राहिली, नाकपुड्या चिरेसारख्या अरुंद झाल्या, नाकातले पातळ पापुद्रे कमी जागेत कोंबले गेले. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांमधून, आणि तो अगदी नाममात्र. अंग थंड ठेवायचं ते नाक, जीभ आणि घसा यांच्या ओलाव्यावरून हवा खेळवून, म्हणजे धापा टाकून. ज्याची हवेची वाटच चिंचोळी, तो धापा टाकताना आणखी तापतो. त्यामुळे उन्हातला पाच मिनिटांचा फेरफटकाही यांच्यातल्या काहींना झेपत नाही.

मला यातलं सगळ्यांत वाईट वाटतं ते हे, की त्यांचा त्रास आपल्याला गोड वाटतो. घोरणं, झोपेत दचकून उठणं, उशीवर हनुवटी उंच टेकवून झोपणं, तोंडात खेळणं धरूनच झोपी जाणं, यांतलं बरंचसं श्वास मोकळा ठेवण्याची धडपड असू शकते. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजमधल्या २०१२ च्या एका अभ्यासात, श्वासमार्गातल्या अडथळ्याची लक्षणं स्पष्ट असलेल्या कुत्र्यांच्या निम्म्याहून अधिक मालकांनी ‘याला श्वासाचा काही त्रास नाही’ असंच सांगितलं होतं. हीच जात हवी असेल, तर ज्याचं मुस्कट जरा लांब आहे, नाकपुड्या मोकळ्या आहेत आणि थोडं पळून आल्यावर ज्याचा श्वास आवाज न करता चालतो, असा कुत्रा शोधा. पिल्लाच्या आईला पळताना बघा. ती घरघरत असेल, तर तिथून परत फिरा.

लॅब्राडोरची गोष्ट वेगळी. ‘काय हावरट आहे हो तुमचा’ असं ज्याला म्हटलं जातं, त्याच्या जनुकात त्याचं कारण असू शकतं. केंब्रिजच्या एलिनॉर रॅफन यांच्या गटाला २०१६ मध्ये आढळलं की सुमारे एक चतुर्थांश लॅब्राडोरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. पुढच्या संशोधनात असंही दिसलं की हे कुत्रे स्वस्थ असताना ऊर्जाही कमी जाळतात, म्हणजे दोन्हीकडून वजन वाढायचीच सोय. ज्या घरात चार माणसं एकमेकांच्या नकळत घास भरवतात, त्या घरात लॅब्राडोर दोन वर्षांत गोल होतो आणि त्याचे सांधे त्याचा हिशेब चुकवतात. घरात एकाच्या हातात वाटी राहील, एवढी शिस्त असेल तर तो उत्तम सोबती आहे.

ॲलर्जी असलेल्यांना हमखास सांगितलं जातं, केस न गळणारा कुत्रा घ्या. या कल्पनेमागे एक खरी गोष्ट आहे. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वॉली कॉनरन यांनी एका अंध बाईंसाठी, त्यांच्या नवऱ्याला कुत्र्यांची ॲलर्जी होती म्हणून, लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिल्लं झाली, आणि त्यांतलं एकच त्या नवऱ्याला सोसलं. लोकांनी लक्षात ठेवलं ते ‘लॅब्राडूडल’ हे नाव. तिघांतलं एकच सोसलं, हा तपशील विसरला गेला. ॲलर्जीला कारण असतो तो केस नव्हे, तर कुत्र्याच्या लाळेतलं आणि त्वचेच्या कोंड्यातलं प्रथिन, आणि प्रत्येक कुत्र्यात त्याचं प्रमाण वेगळं असतं. नेदरलँड्समधल्या २०१२ च्या एका अभ्यासात ‘ॲलर्जी न होणाऱ्या’ म्हणवल्या जाणाऱ्या जातींच्या केसांत हे प्रथिन इतरांपेक्षा जास्तच मिळालं. तेव्हा जो कुत्रा आणणार, त्याच कुत्र्याबरोबर तीन-चार वेळा तासभर बसून बघणं, हाच त्यातल्या त्यात खरा उपाय.

आता पिल्लाकडे येऊ. मराठीत ‘माणसाळणं’ हा फार नेमका शब्द आहे, आणि कुत्र्याच्या बाबतीत त्याला चक्क मुदत असते. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी काही पिल्लं त्यांच्या आयांसोबत कुंपण घातलेल्या मोठ्या आवारात वाढवली, माणसाचा संपर्क न होऊ देता. काही पिल्लांना दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या किंवा नवव्या आठवड्यात आठवडाभर माणसांत आणलं आणि पुन्हा सोडलं. काहींना चौदा आठवडे माणूस भेटलाच नाही. ही शेवटची पिल्लं पुढे रानटी जनावरासारखी बुजरी राहिली, माणसाच्या हाताला यायला तयार होईनात. पाचव्या ते नवव्या आठवड्यात भेटलेली पिल्लं माणसांकडे सहज येत.

तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला उघडलेली ही खिडकी बाराव्या ते चौदाव्या आठवड्यात मिटायला लागते. आपण पिल्लू घरी आणतो साधारण आठव्या आठवड्यात. म्हणजे निम्मी मुदत आपण त्याला बघायच्या आधीच सरलेली असते, कुणाच्या तरी घरात किंवा कुणाच्या तरी पिंजऱ्यात. पिल्लू कुठे जन्मलं, त्याला किती वेगवेगळ्या माणसांनी उचललं, कुकरची शिट्टी, झाडू, लहान मुलाचं रडणं त्याच्या कानावर पडलं का, हे प्रश्न वंशावळीच्या कागदापेक्षा मोलाचे आहेत. आई दाखवायला कुणी टाळाटाळ करत असेल, तर पिल्लू कितीही गोजिरं असलं तरी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणखी एक गाठ इथे पडते. लसीकरणाचे पहिले डोस बहुधा सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात, म्हणजे ते पुरे व्हायच्या आधी खिडकी मिटलेली असते. तोवर पिल्लाला घरात कोंडू नका. कडेवर घेऊन बाहेर न्या, रहदारी दाखवा, माणसं दाखवा, फक्त अनोळखी कुत्र्यांच्या वावरातल्या जमिनीवर उतरवू नका. नेमकं काय चालेल, ते पशुवैद्याला विचारा.

पिल्लाकडे बघून तो मोठेपणी कसा होईल, हे सांगता येतं का? पाठीवर उताणं धरा, टाळी वाजवा, मग स्वभाव कळतो, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. व्हिएन्नातल्या संशोधकांनी बॉर्डर कोलींची जन्मानंतर काही दिवसांत, मग सहा-सात आठवड्यांनी आणि पुन्हा दीड-दोन वर्षांनी अशी तपासणी केली. २०१४ मध्ये आलेले निष्कर्ष असे, की पिल्लूपणीचं वागणं आणि मोठेपणीचं वागणं यांचा फारसा मेळ बसत नाही. नवी जागा हुंगून बघण्याची हौस तेवढी थोडीफार टिकते.

म्हणूनच ज्यांचा दिवस आधीच भरगच्च आहे, त्यांना मी पिल्लाऐवजी दोन-तीन वर्षांचा कुत्रा सुचवतो. शिवाय पिल्लाला सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावं लागतं, रात्रीसुद्धा. मोठा कुत्राही सलग आठ-नऊ तास एकटा राहावा, अशी अपेक्षा चुकीची. स्वीडनच्या नियमांत दिवसा निदान दर सहा तासांनी कुत्र्याला बाहेर काढण्याची अट आहे, आणि कुठेही राहत असलो तरी तो आकडा मला रास्त वाटतो. तुमचं घर सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत रिकामं असेल आणि मधे डोकावणारं कुणी नसेल, तर आत्ता कुत्रा नको, हे उत्तरही स्वीकारावं. कुत्र्याने सोफा फाडला की लोक म्हणतात त्याने सूड उगवला, पण त्या फाटक्या गादीत बहुतेकदा नुसती घाबरगुंडी असते.

मोठ्या कुत्र्याचा आकार, आवाज, केस गळणं, मांजरांबद्दलचं मत, सगळं समोर दिसतं. बेघर कुत्र्यांच्या निवाऱ्यातल्या गोंगाटात मात्र तो घाबरून दबलेला किंवा उगाच उसळलेला असू शकतो, म्हणून एका भेटीवर ठरवू नका. शक्य असेल तर आठवडाभर घरी नेऊन बघण्याची परवानगी मागा. पहिल्या भेटीत त्याला हाक मारू नका, डोक्यावरून हात फिरवायला धावू नका. जमिनीवर बाजूला तोंड करून बसा आणि तो येतो का बघा. हातातली किल्ल्यांची जुडी सहज पडू द्या. दचकणारच तो, पण नंतर किती वेळात पुन्हा हुंगायला लागतो, तिकडे लक्ष ठेवा. काही क्षणांत सावरणारा कुत्रा आणि भिंतीला चिकटून दहा मिनिटं थरथरणारा कुत्रा यांना वेगवेगळी घरं लागतात. दुसऱ्या भेटीत घरातल्या सगळ्यांना न्या, विशेषतः ज्याला कुत्रा नको आहे त्याला. तिसऱ्या वेळी, रोज ज्या वेळेला तुम्हाला खरोखर जमणार आहे त्याच वेळेला, जितकं जमणार आहे तितकंच त्याला फिरवून आणा, आणि परत आल्यावर तो तुमच्या पायाशी अंग टाकतो की दाराकडे बघत उभाच राहतो, ते बघा.