रोजच्या मेकअपमध्ये फेस पावडर: थोडी, दाबून आणि आपल्याच रंगाची

नागपुरात बर्डीवरच्या आमच्या छोट्या दुकानात फेस पावडर घ्यायला येणाऱ्या बऱ्याच जणींचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "ताई, जरा उजळ दिसेल अशी द्या." पावडरचे निम्मे घोळ या वाक्यापासून सुरू होतात, म्हणून आधी त्याच्याबद्दलच सांगतो.

गोरं करणं हे पावडरचं काम नाही. कपाळ, नाक आणि हनुवटीवर येणारं तेल शोषून घ्यायचं आणि खाली लावलेलं बीबी क्रीम किंवा फाउंडेशन, म्हणजे चेहऱ्याचा रंग एकसारखा करणारं क्रीम, जागेवरून हलू द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. ती चांगली बसली तर समोरच्याला चेहरा दिसतो, पावडर दिसत नाही.

डबीत असतं काय

बहुतेक पावडरींचा पाया टाल्कचा असतो. टाल्क म्हणजे आपलं शंखजिरं, नखानेही ओरखडा उठेल इतकं मऊ खनिज. त्या मऊपणामुळेच पावडर बोटांवरून सरकते. तेल आणि ओल शोषायला सिलिका, केओलिन माती किंवा मक्याचा स्टार्च घालतात. हलकी चमक अभ्रकामुळे येते. पावडर त्वचेला धरून राहावी म्हणून मॅग्नेशियम किंवा झिंक स्टिअरेट असतं. टायटॅनियम डायऑक्साइडमुळे ती पांढरी आणि झाकणारी होते. त्वचेसारखा रंग मात्र लाल, पिवळ्या आणि काळ्या आयर्न ऑक्साइडच्या मिश्रणातून येतो.

सुटी पावडर म्हणजे लूज. त्याच मिश्रणात थोडं तेलकट बंधक घालून दाबून वडी केली की झाला कॉम्पॅक्ट. लूज पावडर हलकी बसते, घरी आरशासमोर तीच चांगली. कॉम्पॅक्ट पर्समध्ये न्यायला सोयीचा, पण तो थोडा जास्त झाकतो. त्यामुळे दिवसभर थरावर थर चढवले की चेहरा जड दिसायला लागतो. दोन्ही घ्यायची ऐपत आणि गरज असेलच असं नाही. एकच घ्यायचं असेल तर तेलकट त्वचेला लूज घ्या. नोकरीच्या धावपळीत दुपारी एकदा हात फिरवावा लागत असेल तर कॉम्पॅक्ट घ्या.

शेड: इथे घाई नको

ही चूक आमच्या हातून झाली आहे. दुकान नवीन होतं तेव्हा एका काकूंना संध्याकाळी ट्यूबलाइटखाली, मनगटावर लावून, एक शेड उजळ पावडर दिली. पुतणीचं लग्न होतं. आठवड्याने त्या फोटो घेऊन आल्या. चेहरा एका रंगाचा, मान दुसऱ्या रंगाची. "ताई, मी त राखेवानी दिसून राहिली," एवढंच म्हणाल्या. भांडल्या नाहीत, आणि त्याचंच आम्हाला जास्त वाईट वाटलं. त्या दिवसापासून मनगटावर शेड दाखवणं आम्ही बंद केलं.

राखेसारखं का दिसतं? आपल्याकडे बहुतेकींच्या सावळ्या-गव्हाळ रंगात पिवळसर किंवा सोनेरी झाक असते. त्यावर टायटॅनियम डायऑक्साइड जास्त असलेली, गुलाबी झाक असलेली उजळ पावडर पडली की दोन रंग एकमेकांत मिसळत नाहीत आणि वर राखाडी साय धरल्यासारखी दिसते. म्हणून शेड जबड्याच्या कडेला लावून बघायची, म्हणजे गाल आणि मान दोन्हींशी जुळते का ते कळतं. लावल्यावर आरसा घेऊन दुकानाच्या दारात, उजेडात या. रस्त्यावरचे लोक बघतील म्हणून लाजू नका, आम्ही सोबत उभे राहतो.

आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. कोरड्या मातीवर पाणी शिंपडलं की ती गडद होते ना, तसंच त्वचेचं तेल मुरलं की पावडरचा रंग थोडा गडद होतो. लावल्याबरोबर बरोबर वाटलेली शेड बाजार फिरून येईपर्यंत बदललेली असू शकते. त्यामुळे आधी शेड लावून घ्या, बाकीची खरेदी उरकून या, मग ठरवा.

नेमकी शेड मिळतच नसेल तर ट्रान्सल्युसंट, म्हणजे जवळपास बिनरंगाची पावडर चालते. मात्र गडद त्वचेवर तीसुद्धा पांढरट दिसू शकते. तेव्हा पिवळसर झाकेची घ्या.

लावायची कशी

क्रम असा: मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, मग लावत असाल तर बीबी क्रीम किंवा फाउंडेशन, आणि त्यानंतर पावडर. क्रीमचा ब्लश असेल तर तो पावडरच्या आधी, पावडरचा ब्लश असेल तर नंतर. हे उलटं झालं की गालावर डाग पडतात आणि ते पुसताना सगळंच निघून येतं. सनस्क्रीन ओलं असताना पावडर लावू नका. चहा गाळून होईपर्यंत थांबलं तरी पुरतं.

पूर्ण चेहऱ्याला हरभऱ्याच्या डाळीएवढी लूज पावडर पुरे. ती झाकणात काढा, पफ अर्धा दुमडून तिच्यात टेकवा आणि तळहातावर दोनदा चोळा. पावडर पफच्या आत शिरली पाहिजे, वर बसून राहायला नको. मग कपाळाच्या मध्यभागी पफ दाबा आणि हलकेच फिरवून उचला. घासू नका. घासल्याने खालचं क्रीम सरकतं. दाबल्याने पावडर तेलात बसते आणि तिथेच राहते. पुढे नाकाच्या दोन्ही बाजू, वरचा ओठ, हनुवटी. गालावर पफमध्ये उरलेली तेवढीच. शेवटी मोकळ्या ब्रशने वरून खाली फिरवून जास्तीची झटका, भुवया आणि केसांच्या रेषेवर अडकलेलीही काढा.

डोळ्याखाली अगदी थोडी. तिथली कातडी पातळ असते. हसलं की सुरकुती पडते आणि सुरकुतीत पावडर साचते. चाळिशी ओलांडलेल्या आणि कोरड्या त्वचेच्या ताईंनी तर पूर्ण चेहऱ्यावर पावडर लावूच नये. फक्त नाक आणि हनुवटी. यामुळे आमची एखादी डबी कमी खपली तरी चालेल, पण हे सांगायलाच हवं.

आपलं ऊन, आपली गाडी, आपला स्टोल

मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, नवतपा (मे अखेरीपासूनचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू झाला की सकाळी दहालाच रस्ता भाजतो. गाडीवर निघताना डोळे सोडून सगळा चेहरा स्टोलने गुंडाळायचा, ही इथली रीत आहे आणि ती योग्यच आहे. पण ऑफिसात पोचून स्टोल सोडला की आतल्या बाजूला नाकाच्या जागी बदामी डाग आणि चेहऱ्यावर नाकापुरता पट्टा गायब, हा अनुभव आमच्या जवळजवळ प्रत्येक गाडीवाल्या ग्राहक ताईचा आहे.

त्याला उपाय सोपा आहे. घरून फक्त मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन लावून निघा. पोचल्यावर पाच मिनिटं पंख्याखाली बसा, घाम सुकू द्या. मग टिश्यू किंवा स्वच्छ सुती रुमाल चेहऱ्यावर नुसता टेकवून ओल टिपा आणि त्यानंतर पावडर लावा. घामावर थेट पावडर टाकली की तिचा लगदा होतो, नाकाच्या कडेला रेघा उठतात, आणि त्या लपवायला अजून पावडर, असं ते वाढतच जातं. दुपारीही हाच नियम: आधी टिपायचं, मग दाबायचं. स्टोल सुती ठेवा आणि रोज धुतलेला वापरा, कारण कालचा घाम आणि पावडर आज परत चेहऱ्यावर घासली गेली की पुटकुळ्या येतात.

डबीवर एसपीएफ, म्हणजे उन्हापासून किती बचाव होतो त्याचा आकडा, लिहिलेला असला तरी तिला सनस्क्रीन समजू नका. एसपीएफची चाचणी त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर देऊन करतात. पावडरचा इतका जाड थर कोणी लावत नाही, लावला तर बघवणार नाही. उन्हापासून वाचवायला सनस्क्रीनच हवं.

पावसाळ्यात दमटपणामुळे तेल सुटतं, तेव्हा दुपारचा एक हात जास्त लागतो. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत मात्र पावडर निम्मी करा, नाहीतर गालावरचे पापुद्रे उठून दिसतील.

रिसेप्शनचे फोटो

सिलिका जास्त असलेली अगदी पांढरी पावडर आरशात सुंदर दिसते, पण फ्लॅश पडला की प्रकाश परत फेकते आणि फोटोत डोळ्याखाली पांढरे चट्टे येतात. घरून निघण्यापूर्वी मोबाइलचा फ्लॅश लावून एक फोटो काढून बघा. चट्टे दिसले तर झटकून कमी करा, आणि रात्रीच्या समारंभाला रंग असलेली पावडरच वापरा.

टाल्कबद्दल बरेच जण विचारतात

प्रश्न रास्त आहे. जमिनीत टाल्कच्या शेजारी कधीकधी ॲस्बेस्टॉस सापडतं, आणि ते शरीराला घातक आहे. जुलै २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने टाल्कला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात, म्हणजे २अ मध्ये ठेवलं. हे गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतात. रोज चिमूटभर चेहऱ्याला लावल्याने धोका किती, ते त्यातून कळत नाही. तरी मनात शंका असेल तर टाल्क नसलेली पावडर घ्या, आमच्याकडे आहे. आणि पावडर कुठलीही असो, तिचा धुरळा उडवू नका. लावताना श्वास क्षणभर धरा आणि लहान बाळ मांडीवर असताना डबी उघडू नका.

पफ आणि फुटलेली वडी

पफ आठवड्यातून एकदा सौम्य साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. दोन पफ आलटून पालटून वापरले तर सोपं जातं. कॉम्पॅक्टवर कडक चकचकीत थर आला असेल तर तो पफमधून उतरलेल्या तेलाचा आहे. त्यावर चिकटपट्टी टेकवून उचला, खालची पावडर परत मऊ लागते. गाडीच्या डिकीत खड्ड्यांनी वडी फुटली तर टाकू नका. बारीक चुरा करा, सर्जिकल स्पिरिटचे थोडे थेंब घाला, वर टिश्यू ठेवून चमच्याच्या पाठीने दाबा आणि रात्रभर उघडी ठेवा. स्पिरिट उडून जातं. मात्र हे करताना गॅस किंवा दिवा जवळ नको.

घेताना डबी उलटी करून बघा

निर्मात्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, वापरण्याची मुदत आणि घटकांची यादी डबीवर किंवा खोक्यावर असायलाच हवी. मोठ्या ब्रँडची 'फर्स्ट कॉपी', म्हणजे हुबेहूब नक्कल, अर्ध्या किमतीत मिळते, तिच्यावर यातलं काहीतरी गायब असतं किंवा छपाई पुसट असते. चेहऱ्यासाठी ती घेऊ नका. उघड्या डबीच्या चित्रात १२ किंवा २४ महिने लिहिलेलं असेल तर ते उघडल्यापासून मोजायचे. उघडल्याची तारीख तळाला पेनाने लिहून ठेवा.

एकदा उघडलेली डबी आम्हाला परत घेता येत नाही, ती पुढच्या ग्राहकाला देणं बरोबर नाही. म्हणून लूज पावडरची शेड ठरत नसेल तर छोट्या पुडीत दोन दिवसांची पावडर घेऊन जा, पैसे नाहीत. एक दिवस ऑफिसला लावा, एक दिवस घरी. मग या आणि येताना जुनी डबी संपलेली असली तरी घेऊन या, तिची शेड बघून नवी लवकर जुळते.