पोटॅशियमचं दार आणि तांबड्या पेशीचं पाणी

पाणी थेट उपसून टाकणारा पंप पेशीकडे नसतो. पाणी क्षारांच्या मागे जातं, म्हणून पेशी क्षार हलवते. रक्तातल्या तांबड्या पेशीत हे फार स्वच्छ दिसतं.

या पेशीचं आकारमान साधारण ९० फेम्टोलिटर (फेम्टोलिटर म्हणजे लिटरचा दहा लाख अब्जावा भाग) असतं. तिचं पटल, म्हणजे बाहेरचं पातळ आवरण, चेंडूसारखं फुगलं तर त्यात जवळपास १५० फेम्टोलिटर मावतील. ०.९ टक्के मिठाच्या द्रावणात पेशी जशीच्या तशी राहते, ०.५ टक्क्यांच्या आसपास काही फुटू लागतात आणि ०.३ टक्क्यांपर्यंत बहुतेक सगळ्या फुटतात. प्रयोगशाळेतली पेशींच्या ठिसूळपणाची तपासणी याच आधारावर होते.

पेशी फुगू पाहते, कारण हिमोग्लोबिन बाहेर जाऊ शकत नाही आणि सोडियम सतत आत झिरपतं. पटलातला क्षारांचा पंप दर फेरीत ३ सोडियम बाहेर टाकतो, २ पोटॅशियम आत घेतो आणि त्यासाठी एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च करतो. रक्तपेढीत पिशवी २ ते ६ अंशांवर ठेवली की पंप जवळजवळ थांबतो. पोटॅशियम हळूहळू बाहेरच्या द्रवात साचतं. नवजात बाळाला जास्त रक्त द्यायचं असेल तर ताजी पिशवी निवडतात ती यासाठीच.

पंप हळू चालतो, दारं मात्र क्षणात उघडतात. पेशी बारीक केशवाहिनीतून दबून जाताना पटल ताणलं जातं, ‘पिएझो-१’ ही वाहिनी (पटलातलं क्षारांचं दार) उघडते आणि कॅल्शियम आत येतं. आतलं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा दहा हजार पटींहून कमी असल्यामुळे थोडंसं आलं तरी पेशीला कळतं. त्याने गार्डोश वाहिनी, म्हणजे पोटॅशियमचं दार, उघडते आणि पोटॅशियम बाहेर धावतं. हंगेरीच्या ग्योर्गी गार्डोश यांनी कॅल्शियममुळे होणारी ही पोटॅशियमची गळती १९५८ मध्ये दाखवली.

आता विद्युतभाराचा हिशोब. धन भाराचं पोटॅशियम एकटं बाहेर गेलं की आतली बाजू ऋण होते आणि उरलेल्या पोटॅशियमला मागे ओढते. एरवी उणे १० मिलिव्होल्टच्या आसपास असलेला विभव (पटलाच्या आतबाहेरच्या विद्युतदाबातला फरक) उणे ९० पर्यंत न्यायला पोटॅशियमचे फक्त सुमारे ७ लाख आयन, म्हणजे विद्युतभारित कण, पुरतात; पेशीत ते ५०० कोटींच्या घरात असतात. एवढ्याने पाणी हलत नाही. पेशी आक्रसायला कोट्यवधी आयन जावे लागतात आणि ते तेव्हाच जातात, जेव्हा ऋण भाराचं क्लोराइडही सोबत निघतं. म्हणजे पोटॅशियमचं दार विभव बदलतं, पण पेशी किती वेगाने आक्रसेल हे क्लोराइडची वाट ठरवते. हा भेद सुटला की पुढचं सगळं चुकतं.

गडचिरोली, नंदुरबार या भागांत आढळणाऱ्या सिकलसेल आजारात हेच दार घात करतं. ऑक्सिजन सुटला की दोषी हिमोग्लोबिनचे धागे बनून पटल विस्कटतं, कॅल्शियम शिरतं, गार्डोश उघडते, पेशी कोरडी पडते. आतलं हिमोग्लोबिन दाट झालं की धागे कितीतरी लवकर बनतात. दाटपणात थोडीशीच वाढ झाली तरी वेळ अनेक पटींनी घटतो. म्हणूनच या रुग्णांना भरपूर पाणी प्यायला, ऊन-ताप टाळायला सांगतात.

गार्डोश बंद करणारं सेनिकॅपॉक हे औषध मोठ्या चाचणीपर्यंत गेलं. पेशी फुटण्याचं प्रमाण घटलं, पण वेदनांचे झटके कमी झाले नाहीत आणि चाचणी थांबली. पोटॅशियम व क्लोराइड जोडीने बाहेर नेणारी दुसरी वाट उघडीच होती, शिवाय पेशींचं रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटणं या दाराने थांबत नाही.