दिव्यांग मुलाचा शाळाप्रवेश: कार्ड आधी की शाळा आधी?

"आधी सर्टिफिकेट आणा, मग बघू." आमच्या चाळीतल्या एका आईला गेल्या जूनमध्ये एका शाळेच्या दारातूनच असं परत पाठवलं. तुम्हाला कुणी हे सांगितलं, तर माघारी फिरू नका. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क दिला आहे. प्रवेशासाठी मुलाची चाचणी घेता येत नाही. जन्मदाखला नाही म्हणून अडवताही येत नाही. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल, तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने मोफत शिक्षण 18 वर्षांपर्यंत मिळतं, आणि जवळची नेहमीची शाळा की विशेष शाळा, ही निवड आपली. म्हणून आधी घराजवळच्या पालिका शाळेत नाव घाला, कार्डाचं काम सोबत चालू द्या.

कार्ड म्हणजे यूडीआयडी, दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र; दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेटही याच अर्जातून मिळतं. स्वावलंबन कार्डाच्या पोर्टलवर अर्ज भरायचा. फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा जोडायचा आणि रुग्णालय निवडायचं. मग तिथे तपासणी होते. जुने रिपोर्ट, चष्म्याचा नंबर, थेरपीचे कागद, सगळं एका फाइलमध्ये न्या. त्या आईचं काम अडलं ते एका अक्षरावर: आधारवर 'श्रेयस', जन्मदाखल्यावर 'श्रेयश'. नाव आधीच दुरुस्त करून घ्या, नाहीतर प्रत्येक खिडकीवर तेच होतं. 40 ते 79 टक्क्यांना पिवळं कार्ड मिळतं, 80 पासून निळं.

वाचन-लेखनाची अडचण (डिस्लेक्सिया वगैरे) असेल, तर दाखला साधारण वयाच्या आठव्या वर्षानंतरच मिळतो. मुंबईत सायन रुग्णालयात त्यासाठी वेगळं क्लिनिक आहे. दाखल्याआधीची वर्षं मात्र वाया घालवू नका, वर्गशिक्षकांना लगेच सांगा.

खासगी शाळेत शिक्षणहक्क कायद्याच्या 25 टक्के आरक्षणातून जायचं असेल, तर अर्ज ऑनलाइन भरायचा. दिव्यांग मूल वंचित गटात येतं, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला लागत नाही. रहिवासी पुरावा, जन्मदाखला आणि 40 टक्क्यांचं प्रमाणपत्र मात्र हवंच. इथे कार्ड आधी लागतं, म्हणून अर्ज सुरू व्हायची वाट बघत बसू नका.

मूल शाळेत जाऊच शकत नसेल, इतकं दिव्यांगत्व तीव्र किंवा बहुविध असेल, तर घरी शिक्षण मिळण्याचाही हक्क आहे.

दहावीला लेखनिक आणि जादा वेळ मिळतो. मुंबईत त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत दहावीच्या बोर्डाच्या वाशीतल्या विभागीय मंडळाकडे जातो. नववी संपली की मुख्याध्यापकांकडे हा विषय काढा.