खुरचाफा : घरची लागवड व निगा

खुरचाफा : कण्हेर, तगर, सदाफुली यांच्या कुलातल्या (ॲपोसायनेसी) प्लुमेरिया या वंशातील लहान झाडे. पांढरा चाफा, देवचाफा, लाल चाफा ही नावेही याच झाडांना आहेत. सोनचाफा व कवठी चाफा मॅग्नोलियाच्या कुलातले आणि हिरवा चाफा सीताफळाच्या, त्यामुळे खुरचाफ्याशी त्यांचे नाते नावापुरतेच. सोनचाफ्याला मानवणारे रोजचे पाणी खुरचाफ्याची मुळे कुजवते. म्हणून नर्सरीत नुसता ‘चाफा’ मागू नये.

खुरचाफ्याचे मूळ स्थान मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटे. युरोपीय दर्यावर्दींच्या काळात तो आशियात आला आणि देवळांच्या, विहारांच्या आवारात असा रुजला की परका वाटेनासा झाला. निकाराग्वा आणि लाओस या जगाच्या दोन टोकांच्या देशांनी त्याला राष्ट्रीय फुलाचा मान दिला आहे. वंशाचे नाव शार्ल प्लुमिए (१६४६–१७०४) या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडले.

या झाडाचे सगळे मर्म फांदीत आहे. फांदी जाड, मांसल असून पाण्याने आणि पांढऱ्या चिकाने भरलेली असते. मूळ मुलखात पावसाळ्यानंतर अनेक महिने कोरडे जातात. त्या काळात झाड पाने टाकून याच साठ्यावर राहते. महाराष्ट्रातही थंडी पडली की पाने पिवळी होऊन गळतात आणि उन्हाळा लागेपर्यंत नुसते खराटे उभे असतात. कुंडीत चाफा लावणारे नेमके तेव्हाच घाबरतात आणि पाणी वाढवतात. पानेच नसल्याने झाड पाणी फारसे ओढत नाही, माती ओली राहते आणि कूज मुळांतून खोडात चढते. अशा वेळी फांदी बोटांनी दाबून पाहावी. टणक लागली तर काळजी नाही. साल सुरकुतली असेल तर थोडे पाणी द्यावे. बोट आत दबले तर कूज लागली आहे असे समजावे. कुजलेला भाग कापताना आतला गाभा स्वच्छ पांढरट दिसेपर्यंत मागे यावे. तपकिरी ठिपका राहिला तर कूज पुढे सरकत राहते.

घरगुती बागेत मुख्यतः तीन जाती दिसतात. प्लुमेरिया रुब्राची पाने टोकदार, पानगळ पुरी आणि फुले लाल, गुलाबी, पिवळी किंवा पिवळ्या घशाची पांढरी. प्लुमेरिया ऑब्टुसाची पाने टोकाला गोलसर व चकचकीत असतात आणि उबदार हवेत ती बाराही महिने टिकतात. गॅलरीत खराटा बघवत नसेल त्यांनी हीच घ्यावी. नागाच्या फणीसारख्या पानांची प्लुमेरिया पुडिका अलीकडे सोसायट्यांच्या कुंपणांवर फार दिसते. ती भरभरून फुलते, पण सुगंध जवळजवळ नाही, आणि सुगंधाविना चाफा लावण्यात अर्थ काय, हा प्रश्न उरतोच. पांढऱ्या फुलांच्या रुब्राला सर्रास ‘आल्बा’ म्हटले जाते. खरी प्लुमेरिया आल्बा अरुंद, लांब पानांची आणि इकडे क्वचित आढळणारी.

लागवड फांदीवरून करावी. पाने गळलेली असताना, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, करड्या सालीची, अंगठ्याएवढी जाड, ३० ते ४५ सेंमी. लांबीची फांदी धारदार सुरीने कापावी. हिरवी कोवळी फांदी लवकर कुजते. कापताच चीक धो धो वाहतो. तो पुसून फांदी सावलीत, हवेशीर जागी आठ ते पंधरा दिवस नुसती ठेवून द्यावी. कापल्या जागी कोरडा, टणक पापुद्रा धरला की मगच मातीत खोचावी. हा धीर न धरल्यानेच बहुतेक फांद्या वाया जातात. फांदी ८ ते १० सेंमी. खोल लावून काठीला बांधावी, म्हणजे ती हलून कोवळी मुळे तुटत नाहीत. एकदा पाणी देऊन, शेंड्याला पाने फुटेपर्यंत हात आखडता घ्यावा. मुळे धरायला दीड-दोन महिने लागतात. क्वचित मुळांआधीच फुलोरा येतो. तो खुडलेला बरा, कारण तोही फांदीतल्याच साठ्यावर पोसला जातो.

कुंडीसाठी तांबडी माती, जाड वाळू किंवा विटांचा चुरा आणि कुजलेले शेणखत साधारण समभाग घ्यावे. काळी माती पाणी धरून ठेवते, ती टाळावी. कुंडीखालची थाळी पावसाळ्यात काढून टाकावी. ऊन मात्र रोज किमान सहा तास हवे. सावलीत पाने मोठी, हिरवीगार होतात आणि फुले येत नाहीत. नत्राचे खत जास्त झाले तरी हेच होते. पालवी फुटल्यावर हाडांचा चुरा किंवा स्फुरदयुक्त खत द्यावे. पाने गळाल्यावर खत बंद.

फुलोरा फांदीच्या शेंड्यावरच येतो आणि त्यानंतर त्या शेंड्याखालून दोन-तीन नवे फाटे फुटतात. जितके शेंडे तितके फुलोरे. छाटणीने फाटे वाढतात, पण छाटलेल्या फांदीचा त्या हंगामातला बहर सहसा जातो. म्हणून सगळे झाड एकाच वर्षी बोडके करू नये. गोठवणारी थंडी प्रथम शेंडाच मारते. सिसिलीतल्या पालेर्मो शहरात हिवाळ्यात शेंड्यांवर अंड्यांची टरफले टोपीसारखी घालतात, ती त्यासाठीच. बर्फाळ देशांत राहणाऱ्यांनी पाने गळालेली कुंडी सरळ घरात घ्यावी आणि वसंतापर्यंत जवळजवळ कोरडी ठेवावी.

पावसाळ्यातला नेहमीचा रोग तांबेरा. पानाच्या खालच्या बाजूला नारिंगी भुकटीचे ठिपके दिसतात, बोट फिरवले तर रंग बोटाला लागतो. झाड सहसा मरत नाही. रोगट व गळलेली पाने उचलून लांब टाकणे आणि पानांवर पाणी न उडवणे एवढे केले तरी पुष्कळ फरक पडतो. पिठ्या ढेकूण पानांच्या बेचक्यात आणि कोवळ्या शेंड्यांवर कापसासारखा बसतो. तो पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने काढून नंतर कडुनिंबाच्या तेलाची फवारणी करावी. चीक कातडीला झोंबतो, डोळ्यात गेला तर आग होते. कापताना हातमोजे घालावेत आणि फांद्या लहान मुलांच्या, जनावरांच्या तोंडाशी जाणार नाहीत असे पाहावे.

फुलांत मध नसतो. रात्री दरवळणाऱ्या सुगंधाला भुलून हॉक जातीचे पतंग येतात, मधाच्या शोधात एका फुलातून दुसऱ्यात सोंड घालतात, परागीभवन करतात आणि उपाशीच जातात. बागेतल्या झाडाला शेंगा क्वचितच धरतात. धरल्या तर शिंगांसारख्या जोडीने येतात आणि पक्व व्हायला आठ-नऊ महिने घेतात. आतल्या पंखधारी बिया सहज रुजतात, पण रोपाला आईसारखेच फूल येईल याची खात्री नसते आणि फुलायला तीनेक वर्षे लागतात. आवडलेला रंग हवा असेल तर त्या झाडाची फांदी किंवा कलमच आणावे. थायलंडहून येणारी रंगीत वाणे बहुधा कलमीच असतात. त्यांच्या जोडाखालून फुटणारे धुमारे दिसताच खुडावेत, नाहीतर काही वर्षांत खालचेच झाड वर चढते.