शहर उचललं, पण पुळण गेली

८ सप्टेंबर १९०० रोजी टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन बेटावर हरिकेन धडकलं. बेटाचा सर्वांत उंच भाग समुद्रसपाटीपासून नऊ फूटसुद्धा नव्हता आणि वादळाने रेटलेलं पाणी १५ फुटांवर चढलं. किमान सहा हजार माणसं दगावली.

१९०२ ते १९०४ मध्ये तिथे १७ फूट उंच काँक्रीटची भिंत उभी राहिली. पायथ्याशी रुंदी १६ फूट, माथ्यावर ५, आणि समुद्राकडची बाजू आत वळलेली, म्हणजे लाट वर फेकली जावी. अशा भिंती लाटेच्या धडकेपेक्षा पायाखालची वाळू उकरली गेल्याने जास्त पडतात. म्हणून खाली लाकडी खुंट ठोकले आणि पुढ्यात ग्रॅनाइटचे धोंडे अंथरले.

पण खरं अचाट काम भिंतीमागचं. नुसती भिंत बांधून सखल शहर तसंच ठेवलं, तर भिंतीवरून आलेलं पाणी आतच साचतं. म्हणून शहरच उचललं! दोन हजारांहून जास्त इमारती स्क्रू जॅकवर, म्हणजे आटे फिरवून वजन वर उचलणाऱ्या साधनांवर चढवल्या. सेंट पॅट्रिक चर्चचं वजन सुमारे ३,००० टन. त्याखाली ७०० जॅक लावून ते पाच फूट उचललं. सगळे जॅक एका इशाऱ्यावर थोडे थोडेच फिरवायचे. एखादा मागे राहिला की त्याचा भार शेजारच्यांवर जातो आणि इमारतीच्या भिंतीला तडा जातो.

मग एकेका भागाला बांध घालून त्यात ड्रेजरने (पाण्याच्या तळाची वाळू उपसणाऱ्या जहाजाने) पाणी मिसळलेली वाळू पाइपांतून सोडली. पाणी निथळून गेलं की भराव उरायचा. तोवर लोक उंच लाकडी फळ्यांवरून ये-जा करत. घर उचलायचा खर्च ज्याचा त्याने करायचा, हे मात्र गरिबांना फार जड गेलं असणार. खाऱ्या भरावाने झाडं मेली. नवी लावायला वरून सुपीक माती आणावी लागली.

१९१५ मध्ये पुन्हा मोठं वादळ आलं. या वेळी भिंतीमागचं शहर बचावलं.

किंमत मोजली ती पुळणीने. वादळात मागच्या टेकाडांची वाळू खाली उतरते आणि पुळण भरून निघते. भिंतीने ती वाळू कोंडली. शिवाय भिंतीवरून परतणारी लाट समोरची वाळू ओढून नेते. आपल्या कोकणातही धूपप्रतिबंधक बंधारा घालताना हे आधी तपासायलाच हवं. गॅल्व्हेस्टनमध्ये पुढे किनाऱ्यापासून समुद्रात आत जाणारे दगडी बांध घातले, तरी भिंतीच्या पश्चिम भागापुढे पुळण उरली नव्हती. २०१५ मध्ये जहाजांच्या मार्गातून उपसलेली वाळू टाकून ती पुन्हा तयार केली. अशा कामात मूळ वाळूइतकीच किंवा थोडी जाडच वाळू लागते. बारीक असली तर लाटा ती लवकर वाहून नेतात, आणि जाड असली तरी काही वर्षांनी भर घालावीच लागते.